सही कोणाची?

(स्त्री-संघटनांच्या एका शिबिरात केलेलं भाषण)



कला आणि निसर्ग यांना वाहिलेलं केंद्र चालवण्याबद्दल मी बोलावं, असं मला सांगितलं आहे. विषय ऐकून झाडाखाली चित्रं काढत बसलेल्या बाया तुमच्या डोळ्यांपुढे आल्या असतील. त्या बसतातही. पण माझा निम्मा वेळ जातो तो व्हाउचरं, विश्वस्तांच्या सभा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतले बदल अर्ज यांच्यामागे. मला जे काही शिकायला मिळालं, ते त्या व्हाउचरांच्या फायलीतूनच.

आमचं केंद्र डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. वारली चित्रं आता कुर्त्यांवर, कपांवर, सगळीकडे दिसतात. पण मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणामातीचं सारवण, गेरूचा हात आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. चौकात पालघट देवी बसते. हा चौक सवाशिणी काढतात आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. ही सगळी बायांची सत्ता. भिंतीवर सही मात्र कोणीच करत नसे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी लोकांच्या हाती कागद दिला. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं त्यानंतर जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते मोठे चित्रकार होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कागद आला तशी सही आली, सहीबरोबर बाजार आला. आणि बाजारात जाणारा, नाव लिहिता येणारा बहुतेक घरांत पुरुष होता.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही आमच्या पहिल्या प्रदर्शनात सगळ्या चित्रांखाली पुरुषांचीच नावं लागली. आम्ही स्त्री-चळवळीतून आलेल्या बाया, आणि आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही! पाड्यावरची एक बाई बघायला आली. एका चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि सहज म्हणाली, "या मुंग्या माझ्या." खाली सही नवऱ्याची. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला येते ना सही."

त्या रात्री मी व्हाउचरांची फाईल काढली. बायांची नावं होती, पण ती 'सारवण' आणि 'स्वयंपाक' या खात्यांवर. चित्रांचे पैसे सगळे पुरुषांच्या नावे गेलेले.

मग आम्ही नियम केला. चित्र घेताना कोणी काय काढलं ते विचारायचं, जितके हात तितकी नावं मागे लिहायची, आणि पैसे ज्याचे त्याच्या खात्यात. ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला एकही चित्र काढणारी बाई नव्हती, हे नमूद करते.

त्या बाईच्या घरी पासबुक सापडलं तेव्हा तिला मार बसला. हक्काची भाषा आम्ही बोललो, मार तिने खाल्ला. दोन महिने ती आली नाही. मग आपणहून आली ती स्वतःची अट घेऊन: निम्मे पैसे घरी सगळ्यांदेखत द्या, निम्मे खात्यात टाका, पासबुक तुमच्या कपाटात ठेवा. आम्ही मान्य केलं. तुमच्यापैकी काहीजणी याला तडजोड म्हणतील. आहेच. पण ती तिने ठरवली आहे.

भिंतीचं फार गुणगान मी करत नाही, त्याचंही कारण आहे. चौक सवाशिणींचा, म्हणजे विधवेला तिथे जागा नाही. आमच्याकडे नियमाने येणाऱ्यांत सर्वांत सफाईदार हात एका विधवेचा आहे. तिला कागदानेच जागा दिली.

आता निसर्गाचं. देणगीदारांना झाडं, पक्षी, मातीचे रंग आवडतात. एका देणगीदार संस्थेने आम्हाला विचारलं, कलाकेंद्रात वनहक्काचे दावे कशाला भरता? अहो, पीठ ज्या तांदळाचं, तो वनजमिनीच्या तुकड्यावर पिकतो. कारवी जंगलातून येते. जमीन गेली तर चित्र कशाचं काढायचं? शिवाय २००६च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायची तरतूद आहे. चित्रामागे दोन नावं लिहायला आम्ही शिकलो, त्याला या पट्ट्यांचाही हातभार लागला. त्या संस्थेची देणगी पुढच्या वर्षी आली नाही. दोन खोल्यांचं छप्पर अजून गळतं आहे.

यंदा पाड्यावरच्या दोघीजणी विश्वस्त झाल्या. त्यांतली एक मुंग्यांवाली. बदल अर्जाच्या कागदांवर अंगठा चालला असता, पण तिला सही करायची होती. पंधरा दिवस ती पाटीवर गिरवत होती आणि अर्ज तोवर थांबला. पहिल्याच सभेत तिने आमची तारीख खोडून काढली. म्हणाली, ऐन लावणीत सभा कसली ठेवता? आता पावसाळ्यातली सभा भात लावून झाल्यावर होते.