घ्यावयाचे माप आणि द्यावयाचे माप

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत नोकरी शोधणारे तरुण आहेत, तसेच नोकरी देणारे दुकानदार व कारखानदारही आहेत. एकाच घरात थोरले बंधू माणसे नेमतात आणि धाकटा अर्ज घेऊन दारोदार हिंडतो, असेही दिसते. म्हणूनच हा विषय मी या व्यासपीठावर मांडीत आहे.

उमेदवार मुलाखतीस दहा मिनिटे उशिरा आला, तर तो बेशिस्त ठरतो. त्याला तीन तास बाकावर बसवून ठेवणारा मालक मात्र कामात गुंतलेला असतो. उमेदवाराने आधीचा पगार लपविला, तर ती लबाडी. मालकाने जाहिरातीत पगाराचा आकडाच दिला नाही, तर ते व्यवहारचातुर्य! अधिक वेतनासाठी तरुणाने नोकरी सोडली की त्याची निष्ठा काढली जाते. खर्च वाचविण्यासाठी मालकाने वीस वर्षांचा जुना माणूस कमी केला की तो नाइलाज म्हणावयाचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हीच ती जुनी रीत.

न्यायालयांनाही या विषमतेचा विचार करावा लागला आहे. एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नियमानुसार कायम सेवकास केवळ तीन महिन्यांची सूचना वा तेवढा पगार देऊन, कारण न सांगता काढता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली तो नियम रद्द ठरविला. दोन पक्षांचे बळ अगदी विषम असता दुर्बळाची सही ही खरी संमती नव्हे, हे त्यामागील तत्त्व. उलटपक्षी, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या बँक अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरावेत, ही अट त्याच न्यायालयाने २०२५ साली वैध मानली. कारण नव्या भरतीस बँकेला खर्च येतो. मालकाचा खर्च खरा, हे मान्य. मग रजा काढून, गाडीभाडे भरून आलेल्या उमेदवाराचा खर्च खोटा कसा?

मी दोन्ही बाजूंस बसलो आहे. तरुणपणी एका कचेरीत मुलाखत दिली आणि दोन महिने टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. उत्तर आले नाही. तो राग मी वर्षानुवर्षे बाळगला. पुढे माझा लहानसा छापखाना निघाला. गतवर्षी टेबलाचा खण आवरताना सात अर्ज हाती लागले. एकालाही मी उत्तर दिले नव्हते! त्यांतील एक आपल्याच एका भगिनीच्या मुलाचा होता. मी क्षमा मागावयास गेलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, नाही म्हटले असतेत तरी चालले असते. तुमच्या भरवशावर त्याने हातचे काम नाकारले." मजपाशी उत्तर नव्हते.

तरुणांनाही माझे सांगणे आहे. होकार देऊन कामाच्या दिवशी न फिरकणे, हीही तीच लबाडी होय. तुमच्यासाठी नाकारलेला दुसरा उमेदवारही कोणाचा तरी मुलगा असतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्यापैकी जे माणसे नेमतात, त्यांनी पगार आधी सांगावा, भेटीची वेळ पाळावी आणि पंधरा दिवसांत होय किंवा नाही कळवावे. जे नोकरी शोधतात, त्यांनी खरी माहिती द्यावी आणि दिलेला शब्द पाळावा. घेताना एक माप आणि देताना दुसरे माप वापरणाऱ्या दुकानदारास आपले वाडवडील दारात उभे करीत नसत. माणसांच्या व्यवहारातही तोच कटाक्ष आपण ठेवू या.