लहान राहण्याची अट



कोणत्याही जुन्या ग्रंथालयात दाखल-नोंदवही असते. पुस्तक कपाटात जाण्यापूर्वी त्याचा क्रमांक तिच्यात चढतो. ती वही कोणी बांधावी हे कायद्याने ठरवावे, असे कोणा वाचकाच्या मनातही येणार नाही. भारतात मात्र ते कायद्याने ठरले होते. वह्या व रजिस्टरे, लोणची, पाव, मेणबत्त्या, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या, कुलपे, पोलादी कपाटे या वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्यांच्यासह अखेरच्या २० वस्तूंवरील बंधन उठण्यास एप्रिल २०१५ उजाडावा लागला.

या धोरणामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आखणी चालू असताना, १९५५ साली, प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार केला. मोठ्या कारखान्याला भांडवल फार लागते आणि माणसे त्या मानाने थोडी. देशात भांडवलाचा तुटवडा आणि रिकाम्या हातांची विपुलता. अशा स्थितीत लहान उद्योगास संरक्षण द्यावे, हा विचार त्या काळी सयुक्तिकच होता. १९६७ साली ४७ वस्तूंची यादी निघाली. पुढे ती वाढत वाढत ८३६ वस्तूंपर्यंत गेली. एवढी लांबलचक यादी पाहिली की ती अर्थशास्त्राने वाढली की कारकुनीने, असा प्रश्न पडल्याखेरीज राहत नाही.

खरी अडचण यादीत नव्हती, ती ‘लघु’ या शब्दाच्या मोजमापात होती. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक ठरावीक रकमेच्या आत असेल तोच उद्योग लघु. १९९१ साली ही मर्यादा ६० लाख रुपये होती. ज्याचा माल खपतो, ज्याला दुसरे, अधिक चांगले यंत्र घ्यावेसे वाटते, असा कारखानदार या रेषेपाशी येऊन थांबे. रेषा ओलांडली तर राखीव वस्तू करण्यासाठी सरकारची परवानगी हवी आणि उत्पादनाचा मोठा भाग निर्यात करण्याची हमी द्यावी लागे. न ओलांडावी तर वाढ खुंटली. मग तिसरी वाट निघे: एका शेडची दोन शेडे होत, मधे भिंत उभी राही, विजेचे मीटर वेगळे, हिशेबाच्या वह्या वेगळ्या आणि दुसऱ्या कारखान्याची मालकी भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर. कागदोपत्री दोन लघुउद्योग वाढले. प्रत्यक्षात वाढली ती केवळ भिंत.

कामगारांच्या संख्येचीही अशीच एक रेषा होती. १९४८च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या उद्योगाला दहावा कामगार येताच तो कायदा लागू होई. तेव्हा हजेरीपटावर नऊच नावे ठेवण्याची युक्ती अनेकांनी साधली. यात निरीक्षकाला खलनायक ठरवणे सोपे आहे. परंतु यंत्राला जाळी असावी, कामाचे तास मर्यादित असावेत, पिण्याचे पाणी मिळावे, ही काही कोणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. नऊ माणसांच्या शेडमध्येही प्रेसखाली बोट सापडतेच.

या धोरणाची किंमत तयार कपड्यांच्या धंद्याने फार मोजली. परदेशी खरेदीदाराला हजारो सदरे एकाच मापाचे, एकाच शिलाईचे आणि ठरल्या तारखेला हवे असतात. येथे ते काम अनेक लहान शेडांत वाटले जाई. एकीचा काज दुसरीशी जुळत नसे. शेजारच्या बांगलादेशात याच धंद्याचे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांत लक्षावधी स्त्रियांना काम मिळाले. भारताने विणलेल्या कापडाच्या तयार कपड्यांवरील आरक्षण नोव्हेंबर २०००च्या वस्त्रोद्योग धोरणात सोडले. रोजगारासाठी केलेल्या नियमाने रोजगारच अडवावा, याहून कडवट गोष्ट कोणती?

शिवाय यादी निघण्यापूर्वीपासून ती वस्तू करणारे मोठे कारखाने होत्या त्या क्षमतेवर चालूच राहिले. त्यांना नवा मोठा स्पर्धक मात्र निर्माण होऊ शकला नाही. संरक्षण लहानांच्या नावाने होते. त्याची सावली अशी मोठ्यांवरही पडली. १९९७ साली अबिद हुसेन समितीने आरक्षण रद्द करण्याची शिफारस केली. एप्रिल २००१मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध संपले, तेव्हा तर परदेशातील मोठ्या कारखान्याचा माल येथे येऊ शकत होता आणि देशातील मोठ्या कारखान्याला तोच माल करण्याची मनाई होती.

आरक्षण गेले, म्हणून कायद्याची गरज गेली असे नव्हे. लहान उद्योजकाला खरी टोचणी असते ती अडकलेल्या पैशाची. माल गेला, बिल गेले, पैसे येत नाहीत. इकडे शनिवारी पगार द्यायचा असतो. १९९३ साली विलंबित देयकांवर व्याज देण्याचा कायदा झाला. २००६च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे देण्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. ती चुकल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. निकालाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराने रकमेचे ७५ टक्के आधी भरावे, अशीही तरतूद त्यात आली. हा कायदा कोणाला लहान राहायला सांगत नाही, हक्काचे मागायला सांगतो. पण ज्याच्याकडे मागायचे तोच बहुधा एकमेव मोठा गिऱ्हाईक असतो. तक्रारीचा अर्ज भरून तयार असतो, आणि पुढील महिन्याची ऑर्डर हाती येईपर्यंत तो टेबलाच्या खणातच राहतो.