जुन्या मारुतीचं पासिंग



मारुती 800 ही गाडी 1983 च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तरीही आपल्या गावागावांत ती अजून दिसते. आठवडी बाजाराला जाते, दवाखान्यात जाते, लग्नाच्या हंगामात देवदर्शनालाही जाते. यातल्या बहुतेक गाड्यांची पंधरा वर्षं केव्हाच उलटली आहेत. त्यामुळे मालकापुढे दर काही वर्षांनी एकच प्रश्न येतो: पासिंगचं काय करायचं? गाडी घरच्या अंगणात दुरुस्त करून पासिंगला कशी न्यावी, याविषयी आज बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच काढावी लागते, असं पुष्कळांना वाटतं. हे वाटण्याचं कारण दिल्ली आहे. तिथल्या हवेची अवस्था पाहून राष्ट्रीय हरित लवादाने राजधानी आणि तिच्या परिसरातल्या जुन्या गाड्यांवर निर्बंध आणले. ती बातमी आपल्याकडे पोहोचली आणि लोकांनी ती इथेही लागू आहे असं धरलं. महाराष्ट्रात खाजगी गाडीचं वय हे एकट्याने कारण होत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर नमुना 25 मध्ये अर्ज करायचा, गाडी आरटीओत दाखवायची. ती रस्त्यावर चालवण्याजोगी ठरली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. पाच वर्षांनी पुन्हा तेच.

आमची गाडी 1996 ची, वडिलांनी घेतलेली, कार्बोरेटरची. कोल्हापूरचा पाऊस तिने अंगावर घेतला आहे. तिच्यावर काम करता करता माझं एक ठाम मत झालं, तेच आज सांगायचं आहे. पासिंग जवळ आलं की लोक गाडी आधी रंगाला टाकतात. चार ठिकाणी लांबी भरायची, वर फवारा मारायचा, सीटला नवी कव्हरं घालायची आणि गाडी घेऊन जायचं. हा क्रम उलटा आहे. पैसे आणि वेळ आधी ब्रेकला द्यावा, मग पत्र्याला, मग स्टिअरिंगला आणि टायरला. रंग अगदी शेवटी, आणि पैसे उरले तरच. तपासणी करणारे निरीक्षक गाडी थोडा वेळ पाहतात. तिच्यात बसून आपण आणि आपली माणसं पुढची पाच वर्षं घाट उतरणार असतो.

कामाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेचं सांगतो. गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. लोखंडी घोड्या विकत घ्या, त्या फरशीवर किंवा घट्ट जमिनीवर लावा, जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून पाचर द्या आणि मग गाडी हाताने हलवून बघा. यात तडजोड नको.

आता ब्रेक. आमच्या गाडीला पुढे डिस्क आहेत आणि मागे ड्रम. मागचा ड्रम काढला की बाहेर काळी पूड पडते. ती फुंकायची नाही, हवेच्या नळीने उडवायची तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. मग व्हील सिलिंडर बघा. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्यातली एक नखाने हळूच मागे सारा. आत कोरडं असेल तर ठीक. बोट ओलं झालं, तर आतलं वायसर गळायला लागलं आहे. ते ब्रेक ऑइल लायनरवर पोहोचलं की एका बाजूचं चाक पकडतं, दुसऱ्या बाजूचं पकडत नाही, आणि ब्रेक दाबल्याबरोबर गाडी बाजूला ओढते. वायसर ही स्वस्त वस्तू आहे, पण ती दोन्ही चाकांची एकदमच बदलावी. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे दिसले तर मात्र अख्खा सिलिंडर नवा घ्यावा. ड्रमला आतून कड पडली असेल तर तो लेथवर टर्न करून आणावा लागतो. कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम होतं. लेथवाल्याला ड्रमचा जास्तीत जास्त चालणारा व्यास आधी सांगायला हवा. त्यापलीकडे ड्रम घासला गेला तर तो टाकूनच द्यायचा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. तेल जुनं झालं की ते कमी तापमानाला उकळायला लागतं. लांब उतारावर ब्रेक तापले की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल खाली जातं. आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना हे घडू नये, म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावं. डब्यावर लिहिलेलं डॉट 3 किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असेल तेच घाला. इंजिन ऑइलचा एक थेंबही त्यात जाता कामा नये, सगळी रबरं फुगून निकामी होतात.

तेल बदलल्यावर एअर काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे पेडलवर पुतण्या बसतो आणि मी निपलपाशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. "दाब. धर. सोडू नकोस." निपल सैल केला की नळीतून बुडबुडे जाताना दिसतात. निपल घट्ट केल्यावरच "सोड" म्हणायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालतं, आणि मधूनमधून वरच्या डबीत तेल घालत राहायचं, नाहीतर पुन्हा हवा शिरते. "काका, पेडल आता घट्ट लागतंय," असं तो म्हणाला की पुढचं चाक. हे काम आधी कधी केलं नसेल, तर पहिल्या वेळी जाणता मेकॅनिक शेजारी असू द्या. ब्रेकचं काम पूर्ण झाल्यावर गाडी आधी अंगणातच, अगदी हळू, थांबवून बघा.

पत्र्याचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. मारुतीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून पायाखालची मॅट उचला, खालचा जाड थरही उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. आवाज बसका आला तर टोक दाबून बघा, कित्येकदा ते आरपार जातं. पाणी तिथे येतं कुठून, हेही शोधलं पाहिजे. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, किंवा दाराच्या तळाची पाणी निथळायची भोकं मातीने बुजलेली असतात. तार घालून ती भोकं मोकळी करणं हे पावसाळ्यापूर्वी दर वर्षी करावं. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो, तोही पाहा.

सडलेल्या पत्र्यावर लांबी किंवा फायबर लावणं म्हणजे स्वतःला फसवणं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा. ज्याला वेल्डिंग येत नाही त्याने हे घरी करू नये. घरी एवढं करता येतं: सीट, मॅट, आतलं कापड काढणं, बॅटरी सोडवणं, गंज तारेच्या ब्रशने खरवडणं. टाकीतलं पेट्रोल आणि त्याची वाफ लक्षात ठेवून वेल्डर काय सांगतो ते तंतोतंत पाळा. वेल्डिंग झालं की रेड ऑक्साइड, सांध्यांना सीलर आणि खालून कोटिंग, हे पुन्हा घरी होतं.

एका जागी मात्र मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना पुढच्या शॉकॲबसॉर्बरची डोकी जिथे बोल्टने बसतात, तिथला पत्रा सडून सुटायला लागला असेल, किंवा खालचे आर्म जिथे बसतात ती जागा गेली असेल, तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. कितीही जीव असला तरी.

स्टिअरिंगचं थोडक्यात. पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. खटखट झाली तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा बेअरिंग. वळताना कटकट आवाज येत असेल तर ॲक्सलचा रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. हे भाग बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावं.

टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी, असा नियम आहे. पण कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 3214 असेल तर तो टायर 2014 सालच्या 32 व्या आठवड्यात तयार झालेला आहे. अशा टायरवर बाजूने बारीक भेगा दिसतात. ओल्या रस्त्यावर तो पकड देत नाही. तो बदला, नक्षी कितीही छान दिसो.

दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्यापूर्वी अर्थिंगचा बोल्ट सोडवून घासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, मागचे ब्रेकलाइट, आरसे, सीटबेल्ट हे एका संध्याकाळचं काम आहे. काचांवर काळी फिल्म असेल तर काढून टाका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

राहिलं पीयूसी. आमच्या गाडीसारख्या जुन्या, भारत स्टेजपूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, तर भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना 0.5 टक्के. आकडा जास्त आला की लगेच कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला जातो. त्याआधी एअर फिल्टर बदला, चोक पूर्ण परत जातो का बघा, टॅपेट सेट करा, डेल्कोची कॅप आतून पुसा, प्लगवरची काजळी पाहा. इंजिन नीट गरम करूनच तपासणीला न्या. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप हाताने वाकवून बघा. भेग दिसली की इथेनॉलला टिकणारा नवा पाइप घाला. गळकं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन हा आगीचा धोका आहे.

खर्चाचंही बोललं पाहिजे. नोंदणी वाढवण्याचं मोटारीचं शुल्क 600 रुपये होतं. 1 एप्रिल 2022 पासून ते 5,000 झालं आणि 2025 साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000 करण्यात आलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. छोट्या गावातल्या, महिन्यातून चार वेळा गाडी काढणाऱ्या माणसाला हे ओझं जड आहे, आणि सरसकट वयावर शुल्क ठरवण्यापेक्षा गाडीच्या अवस्थेवर ते ठरावं, असं मला मनापासून वाटतं. पण ही रक्कम भरून काढण्यासाठी ब्रेकच्या सामानात काटकसर करू नका.

अर्ज मुदतीपूर्वी 60 दिवसांपर्यंत करता येतो आणि उशीर झाला तर मोटारीला दरमहा 500 रुपये जादा पडतात. तेव्हा आज घरी गेल्यावर आरसीवरची तारीख पाहून ठेवा. ती येत्या वर्षभरात संपत असेल, तर पावसाळ्याची वाट न पाहता मॅट उचला. आणि ब्रेक ऑइल शेवटचं केव्हा बदललं हे आठवत नसेल, तर कामाला सुरुवात तिथूनच करा.