मेलबर्नचा घुमट आणि तीन आठ



माझे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जागतिक प्रदर्शनाविषयी मी विद्वानासारखे बोलेन, अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नका. कामगाराच्या नजरेला त्यात काय दिसते, तेवढेच सांगतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात मोठ्या शहरांना अशी प्रदर्शने भरविण्याची हौस होती. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नने ती १८८० साली भागविली. सोन्याच्या खाणींवर श्रीमंत झालेले ते शहर तेव्हा जेमतेम ४५ वर्षांचे होते. कार्लटन बागेत जोसेफ रीड या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून उंच घुमटाचे भव्य सभागृह उभे राहिले. तात्पुरते मंडप गेले, सभागृह टिकले. १९०१ साली ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संघीय संसदेचे उद्घाटन तेथेच झाले, १९१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्याचे रुग्णालय झाले आणि २००४ साली ते जागतिक वारसा ठरले.

या घुमटापासून हाकेच्या अंतरावर, कामगारांच्या ट्रेड्स हॉलसमोर, एक स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर तीन आठ आहेत: आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या बांधकामावरील पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला. मजुरी न घटता आठ तासांचा दिवस त्यांनी मिळविला, त्याची ही खूण. १९०३ साली ती उभारली आणि पुढे सध्याच्या जागी आणली.

पण ते आठ तास सर्वांचे नव्हते. बांधकामाच्या कारागिरांना मिळाले, शिवणकाम करणाऱ्या बायकांना नाही. प्रदर्शनाला दोनच वर्षे होतात तोच, १८८२ च्या डिसेंबरात, नगावारी मजुरी कापली म्हणून त्यांनी संप केला व स्वतःची संघटना बांधली. १८८५ च्या कारखाना कायद्यामागे त्या संपाचाही रेटा होता.

ही हकीकत मी एकदा आमच्या बैठकीत सांगितली. मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "भाऊ, पहिले आठ कारखान्यात जातात, शेवटच्या आठांतले पाच-सहा झोपेत. मधले आठ चुलीपाशी संपतात. ते आमच्या वाट्याला कधी?"

सगळे हसले. मी हसू शकलो नाही, कारण आमच्या मागण्यांच्या यादीत तिचा प्रश्न नव्हता. तो आता आपल्यापुढे ठेवतो आणि रजा घेतो.