अर्धी दुरुस्त गाडी विकताना



मी मोठहून बोलतोय. मोठ हे गावाचं नाव आहे. झाशीहून कानपूरकडे निघालात की पन्नासेक किलोमीटरवर लागतं. पुण्याच्या नातेवाइकांना पत्ता सांगितला की ते दरवेळी विचारतात, "मोठं काय?" नारो शंकर सुभेदारांच्या काळापासून झाशीकडे मराठी घरं आहेत, त्यातलंच आमचं एक. मी सैन्यात ईएमईमध्ये होतो, म्हणजे गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त ठेवणारी आमची कोअर. निवृत्त झालो आणि इथे थोडी शेती घेऊन राहिलो.

आज लढाईच्या गोष्टी नाहीत. मी गेल्या वर्षी एक जुनी पिकअप विकली, त्याबद्दल सांगणार आहे. त्या व्यवहारात माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिच्या उपयोगी पडेल.

गाडी होती टाटा मोबाईल 206. तरुणांना नाव ठाऊक नसेल. 1988 साली टेल्कोने ही पिकअप काढली, पुण्याच्या कारखान्यातून. आज ज्या कंपनीला आपण टाटा मोटर्स म्हणतो, ती तेव्हा टेल्को होती. 1991 साली आलेली टाटा सिएरा याच गाडीवर बेतलेली. 1948 सीसीचं डिझेल इंजिन, शिडीसारखी चासी, मागे पाटे, आणि संगणक नावाला नाही. पाना आणि डोकं असेल तर माणूस झाडाखाली बसून ती उघडू शकतो. माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?

आमच्या भागात मटार खूप होतो. अशाच एका मटार व्यापाऱ्याच्या गोदामामागे ती बाभळीखाली उभी होती. मी ती पंचेचाळीस हजाराला घेतली. पुढची तीन वर्षं आणि वर एक लाख दहा हजार रुपये तिच्यात घातले. इंजिन उतरवून बांधलं. क्लच प्लेट नवी. पत्राकाम केलं, लांबी भरली, मूळचा पांढरा रंग दिला. सीटा शिवून घेतल्या. लोक थांबून बघायचे. मलाही बरं वाटायचं.

मग गुडघे बोलायला लागले. मुलगा बाहेर. बायको म्हणाली, "आता तुम्ही गाडीखाली शिरलात तर बाहेर कोण ओढणार?" मुद्दा बरोबर होता. विकायची ठरवली.

पूंछकडचा एक तरुण शेतकरी आला. मटाराचा हंगाम तोंडावर आलेला. मंडीपर्यंत माल न्यायला दरवेळी भाड्याची गाडी करावी लागते, म्हणून त्याला स्वतःची पाहिजे होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दरवाजा उघडला, लावला. इंजिन सुरू केलं, अर्ध्या चावीत लागलं. खिशातून नोटांचं बंडल काढून म्हणाला, "साहब, पूरे पैसे अभी लो. कागज बाद में देख लेंगे." आणि चावीसाठी हात पुढे केला.

चावी माझ्या हातात होती. रक्कम मी मनात धरली होती त्याहून पाच हजारांनी जास्त होती. खरं सांगतो, क्षणभर हात पुढे गेला.

मंडळी, त्या गाडीचे मागचे ब्रेक लागत नव्हते.

चाकातले सिलिंडर गळत होते, पाइप गंजलेले होते. शेतातल्या वाटेवर पुढच्या ब्रेकवर भागायचं. स्टिअरिंगलाही चार बोटं ढिलाई होती. हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी ते "पुढच्या महिन्यात" करत होतो. अठ्ठावीस वर्षं मी जवानांना शिकवलं की गाडी हलवण्याआधी फर्स्ट परेड करायची: तेल, पाणी, हवा, ब्रेक, स्टिअरिंग. रंगाचा त्यात नंबरसुद्धा नाही. आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा रंग झाला होता, ब्रेक राहिले होते. कारण रंग लोकांना दिसतो.

मी त्याला म्हटलं, "बैठो, चाय पियो." आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "साहब, मी हळू चालवीन. अर्ध्या तासाचा तर रस्ता." तो अर्ध्या तासाचा रस्ता म्हणजे झाशी-कानपूर हायवे. रात्रंदिवस ट्रक. मी नाही म्हटलं. तो नाराज होऊन गेला.

ब्रेकचं झालं. आता कागदांचं ऐका, कारण तिथेही मी एकदा भाजलो आहे.

नोकरीत असताना बदलीच्या घाईत मी एक स्कूटर विकली होती. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, रेल्वेत बसलो. दोन वर्षांनी मला युनिटमध्ये समन्स आलं. त्या स्कूटरने कुणाला तरी धडक दिली होती आणि कागदावर मालक मीच. रजा काढून तारखांना गेलो. माझं नशीब की समोरचा माणूस लंगडत का होईना, चालत कोर्टात आला.

हा नियम आजही तसाच आहे. 6 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर आली. तुम्ही पैसे घेतलेत, चावी दिलीत, याने तुमची सुटका होत नाही.

म्हणून चार गोष्टी करा.

पहिली, ग्राहक शोधण्याआधी आरसी वाचा. चासी आणि इंजिनचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. इंजिन किंवा रंग बदलला असेल तर त्याची नोंद आरटीओत करून घ्या. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिलाय का तेही बघा. माझ्या गाडीवर पहिल्या मालकाचं कर्ज तसंच लिहिलेलं होतं. फिटलं होतं कधीच, पण फॉर्म 35 कुणी दिलाच नव्हता. तो मिळवण्यात माझे चार महिने गेले.

दुसरी, मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र नसेल तर कायदा तिची नोंदणीच वैध धरत नाही. अशी गाडी रस्त्यावर चालवत न्यायची नाही, दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची.

तिसरी, फॉर्म 29 आणि 30 भरल्याशिवाय, ग्राहकाचं नाव आणि तारीख घातल्याशिवाय सही करू नका. त्याच राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. ग्राहक करेल म्हणून सोडू नका.

चौथी, एका कागदावर दोन रकाने करा. काय झालंय आणि काय राहिलंय. दुसरा रकाना आधी भरा. सुटे भाग पोत्यात असतील तर प्रत्येकाला चिठ्ठी बांधा.

आणि किमतीचं म्हणाल, तर बिलांची बेरीज करू नका. मी एक लाख पंचावन्न हजार घातले, हा माझा हौसेचा हिशोब. ग्राहकाने तो का भरावा? त्याला मटार मंडीत न्यायचाय.

पुढे काय झालं? तो तरुण गेल्यावर मी मिस्त्रीला बोलावलं. मागचे सिलिंडर, सगळे ब्रेक पाइप, ब्रेक शू, स्टिअरिंगचे सांधे, सगळं नवं. चौदा हजार लागले. क्रेनच्या गाडीवर चढवून झाशीला फिटनेससाठी नेली. पहिल्यांदा नापास! हेडलाइट वाकडे आणि मागची परावर्तक पट्टी नाही. कर्नलसाहेब खाली मान घालून परत. दुसऱ्यांदा पास झाली.

मग मीच त्या मुलाला फोन केला. तोपर्यंत त्याचा अर्धा हंगाम भाड्याच्या गाडीत गेला होता. त्याने ऐकवलंही, आणि मी ऐकून घेतलं. ते नुकसान त्याला माझ्या आळसामुळे झालं होतं. म्हणून पहिल्या रकमेतून पंधरा हजार कमी केले. नव्वद हजाराला व्यवहार ठरला. विमा, अर्ज, सगळं आरटीओत एकत्र जाऊन केलं. आरसीवर त्याचं नाव चढलं त्या दिवशी चावी दिली.

चावी घेतल्यावर तो लगेच निघाला नाही. गाडी दहा पावलं पुढे घेतली आणि करकचून ब्रेक मारला. चारही चाकं जागच्या जागी थांबली. खिडकीतून मान बाहेर काढून हसला. मग पुन्हा एकदा मारला.

तुमच्या अंगणात अर्धी झालेली गाडी असेल, तर उद्या सकाळी रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि आधी चाक उघडा. विकायची असो वा नसो.

नमस्कार. जय हिंद.