वकील कोर्टाचा की पैशाचा?
(जालना जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण दर बैठकीत बोलतो. आज कोर्टाच्या पायरीवर बोलू. रस्ता रोको केला की गुन्हा दाखल होतो. बांधावरून भावकीत काठी चालली तरी गुन्हा दाखल होतो. घरच्या कर्त्या माणसाला पोलिसांनी नेलं, की बाकीचे वकिलासाठी पैसा उभा करायला धावतात. घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याला मागेल त्या भावात देतात, कडबा विकतात, सावकाराचं दार गाठतात. खटला उभा राहायच्या आधीच घर बसतं.

आमचं सांगणं एवढंच, पहिल्या दिवशी बैल विकू नका. पहिल्या दिवशी कोर्टाकडं वकील मागा. पुढचं थंड डोक्यानं ठरवा.

'सरकारी वकील' तो नव्हे

आपल्याकडं एक मोठा घोटाळा होतो. लोक म्हणतात, "सरकारी वकील घेतला तर तो सरकारचंच ऐकणार." सरकारी वकील हा आरोपीच्या विरुद्ध उभा असतो. आरोपीला फुकट मिळतो तो वकील निराळा. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून येतो. त्याची फी सरकार भरतं, पण तो बांधलेला असतो तुमच्याशी. २०२२ च्या योजनेपासून फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ वकील नेमले जाऊ लागले. त्यांना लोक अभिरक्षक म्हणतात. त्यांना खाजगी वकिली करता येत नाही.

ही भीक नव्हे. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की गरीब कैद्याला अपिलासाठी वकील देणं हे राज्याचं कर्तव्य आहे, मेहरबानी नाही. २०१२ साली कसाबच्या निकालात तेच कोर्ट म्हणालं, की आरोपीला पहिल्यांदा समोर आणताच मॅजिस्ट्रेटनं त्याला वकिलाचा हक्क सांगितला पाहिजे.

हा वकील कोणाला मिळतो? कोठडीत असलेल्या माणसाला, बाईला, मुलाला, अपंगाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मिळकत न बघता मिळतो. बाकीच्यांना मिळकतीची मर्यादा आहे. आणि १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमात दुष्काळाच्या तडाख्यात सापडलेल्यांचंही नाव आहे. जालना जिल्ह्याला दुष्काळ काय ते सांगायला नको. पण हे कलम किती जणांना माहीत आहे?

फुकटाचा म्हणून वाईट नाही, पैशाचा म्हणून चांगला नाही

कसाबच्या बाजूनं सुप्रीम कोर्टात राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ वकील कोर्टानं नेमले होते. उलटही घडतं. मध्य प्रदेशात खांडव्याला २०१३ साली एका आरोपीला वकील दिला आणि त्याच दिवशी आरोप ठेवले. पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टानं २०१९ साली तो निकाल रद्द करून खटला नव्यानं चालवायला लावला. फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात नेमलेला वकील किमान १० वर्षं वकिली केलेला हवा, आणि त्याला तयारीला किमान ७ दिवस मिळाले पाहिजेत, असंही बजावलं.

म्हणून वकील कोणताही असो, पारखायचा एकाच मापानं. तो आरोपीला भेटला का? दोषारोपपत्र वाचलं का? तारखेला स्वतः उभा राहतो की कोणालाही पाठवतो? साक्षीदाराला काय विचारणार, हे तुम्हाला समजावतो का? कोर्टानं दिलेला वकील यात कमी पडला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडं लेखी तक्रार करा, दुसरा वकील मागा. त्यानं पैसे मागितले तरी तक्रार करा, कारण त्याला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत.

खाजगी वकील करायचाच तर आधी विचारा, एकूण फी किती, आणि ती कुठपर्यंतची? जामिनापुरती की निकालापर्यंत? सगळी रक्कम एकदम देऊ नका. पावती घ्या. "साहेबाशी माझी ओळख आहे" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. तो वकिली विकत नाही, तुमची भीती विकतो.

एक गोष्ट आंदोलनातल्या पोरांसाठी. एकाच गुन्ह्यात पन्नास नावं असली तर सगळ्यांना एक वकील स्वस्त पडतो. पण ज्याचं म्हणणं "मी तिथं नव्हतोच" आणि ज्याचं म्हणणं "मी होतो, पण दगड मारला नाही", त्या दोघांचं हित दरवेळी एक नसतं. तिथं वेगळा वकील मागावा.

भावांनो, बियाणं घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, दहा जणांना विचारतो. वकील करताना मात्र घाबरून कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा देतो. हे थांबवा. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाची कचेरी आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, फोन १५१०० आहे. हा नंबर आज गावी जाऊन चावडीच्या भिंतीवर लिहा. पोलिसांची गाडी येण्याच्या आधी तो तिथं असला पाहिजे.