अभ्यासिकेतील लॅपटॉप आणि इंटरनेटची जोडणी



महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत संपत आली आणि नेमके तेव्हाच इंटरनेट बंद पडले, की मुले सायबर कॅफेकडे धावतात. आमच्या मते पुष्कळदा यंत्रात बिघाड नसतोच. लॅपटॉपने भलती वाट धरलेली असते. ती आपल्या मुलामुलींना स्वतः ओळखता यावी, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

लिनक्स प्रणाली फुकट मिळते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर ती बसवणे आपल्याला परवडते. तिच्यात वायर आणि वायफाय या दोन्ही जोडण्या बहुधा नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम सांभाळतो. रेड हॅट कंपनीने तो २००४ मध्ये सुरू केला. उबुंटू आणि फेडोराच्या डेस्कटॉपवर तोच असतो. तो प्रत्येक वाटेला एक आकडा देतो. वायरला १००, वायफायला ६००. ज्याचा आकडा लहान त्याचा मान आधी. म्हणजे दोन्ही चालू असतील तर ये-जा वायरीनेच होणार. आता समजा, केबल राउटरला लावलेली आहे, पण राउटरच्या पुढची लाइनच बंद आहे. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडूनही पान उघडेलच असे नाही. काही ठिकाणी प्रणाली पुढे इंटरनेट आहे का ते तपासून वायरीला मागे सारते, सगळीकडे नाही. तेव्हा आधी केबल काढून पाहावी.

वायफाय दिसतच नसेल तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘यस’ आले तर विमान मोड बंद करावा. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे आले तर लॅपटॉपवरचे वायफायचे बटण शोधावे.

आता खरी अडचण. अभ्यासिकेतला लॅपटॉप अनेकांचा. एखादीने आपला हॉटस्पॉट जोडला की पासवर्ड त्यात साठून राहतो. दुसऱ्या दिवशी ती शेजारी हॉटस्पॉट लावून बसली, तर लॅपटॉप आपणहून तोच धरू शकतो. काम दुसऱ्याचे, डेटा हिचा! ज्या घरी रिचार्जचे पैसे मोजून काढतात, तिथे ही किरकोळ गोष्ट नव्हे. म्हणून प्रत्येकाचे वेगळे खाते असावे आणि जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘इतर वापरकर्त्यांना उपलब्ध’ ही खूण काढावी. एकच खाते असेल तर उठण्यापूर्वी ‘फरगेट कनेक्शन’ दाबावे.

जय भीम.